मशीनची विचारपूस करणारे साहेब

शाळा चौथीतच सुटली, म्हणून अक्षर वाकडं आहे आणि चुकाही असतील. माफी असावी.

तारापूरच्या ज्या कारखान्यात मी झाडू मारते, तिथे एक नवे साहेब आले. सगळ्या मशीनची नोंद आणि निगा ठेवायला त्यांना कामगारांची टीम बनवायची होती. मशीनवर हात ठेवून ते आजाऱ्याला विचारावं तसं हळू विचारत, "तुला काय होतंय?" पण टीममध्ये कोणी येईना. आधी मशीन मोजतील, मग माणसं कमी करतील, असं सगळे म्हणत.

एकदा साहेबांना शेडमागे ताडपत्रीखाली जुना पंप सापडला. सुटे भाग वेळेवर येत नाहीत, म्हणून फिटर असे पंप लपवून ठेवतात. आता चोरीचा आळ येणार, म्हणून जो तो मागे सरकला. साहेबांनी पंपावरून बोट फिरवलं.

"ग्रीस ताजं आहे. ज्याने लावलं, तोच मला टीममध्ये हवा."

कुंभवली गावचे फिटरमामा पुढे आले. "मीच ठेवलाय, साहेब. नोकरी जानार नाय ना?"

"नाही मामा. माझा शब्द."

"मग चला, बाकीचे पन दाखवतो."

त्यांच्यामागून एक वेल्डरही निघाला. साहेबांचा शब्द कंपनी पाळेल का, ठाऊक नाही. पण त्या दिवशी साहेब पहिल्यांदा एकटे फिरत नव्हते.