कॅलेंडराच्या पाठीवरच्या पाच ओळी

आचऱ्याच्या शेवंतीने कॅलेंडराच्या पाठीवर पेन्सिलीने पाच ओळी लिहून ठेवल्या होत्या. सत श्री अकाल, भैणजी. की हाल है? तुसी ठीक हो? मैं ठीक हां. हां जी.

लुधियान्याला दिलेल्या लेकीने, भक्तीने, फोनवर सांगितल्या तशाच. विहीणबाई बलविंदर मे महिन्यात आंबे खायला येणार होत्या आणि त्यांना पंजाबीशिवाय काही येत नव्हतं. लग्नात दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत राहिल्या, ते शेवंतीच्या मनाला लागलं होतं.

काजूच्या बिया उन्हात पसरताना ती ओळी घोकायची. मांडीचं हाड मोडून खाटेवर पडलेला नवरा, बाबू, चिडवायचा, "माका पण इचार मगे, की हाल है!"

"तुमचो हाल माका दिसता. गप रवा."

शिमगा झाला आणि बातमी आली. विहीणबाईंचे यजमान झोपेतच गेले. बाबूला टाकून शेवंतीला जाता येईना. भक्तीचाच फोन आला. "आये, फोन सासूबायंच्या हातात दितंय. भायर माणसां इलीत, माका जावक व्हया. तू दोन शब्द बोल."

कुठले दोन? 'कसे आहात' हे आजच विचारायचं? आपल्यात समाचाराला गेलेली बाई नमस्कार करत नाही, निघताना 'येते' म्हणत नाही. जवळ बसते, हातावर हात ठेवते. तेवढंच तिला ठाऊक. फोन कानाला लावून ती गप्प बसली.

"हॅलो?" पलीकडून आवाज आला. "हॅलो? हॅलो?" आणि फोन कटला.

"काय झाला गो?" बाबूने विचारलं.

"माका वाटला, मी तेंच्या वांगडा, बाजूक बसलंय तां तेंका समाजतला."

"फोनात बसलेला दिसता काय?" तो म्हणाला, पण हळू. "परत लाव."

तिने लावला. "सत श्री अकाल, भैणजी."

एवढंच, आणि पलीकडचं रडू फुटलं. रडण्यात बोलणं, बोलण्यात रडणं. शेवंतीला एक अक्षर कळेना. श्वास तुटेल तिथे ती म्हणत गेली, "हां जी. हां जी."

मग विहीणबाई थांबल्या. शेवटचं वाक्य त्यांनी पुन्हा म्हटलं, सावकाश, पोराला सांगावं तसं. तो प्रश्न होता.

शेवंतीने पाची ओळी वरून खाली वाचल्या. 'हां जी' म्हणावं, तर कशाला हो म्हणतोय? 'मैं ठीक हां'वर गेलेलं बोट तिने चटका बसावा तसं मागे घेतलं.

विहीणबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं. शेवंतीने कॅलेंडर उलटवून ठेवलं आणि आपल्याच बोलीत म्हणाली, "मी हंयच आसंय, भैणजी, तुमच्या वांगडा."