हात वर, औषधं डिकीत

सहलीच्या बसमधली माणसं तिला पाठीमागे हेडबाई म्हणत, आणि ते तिला ठाऊक होतं. म्हणेनात का! बारा वर्षं ती सहल कंपनीतर्फे ज्येष्ठ प्रवाशांना घेऊन फिरत होती आणि बारा वर्षं तिचा एकच हेका होता: रोजची औषधं हातातल्या पिशवीत, डिकीतल्या बॅगेत नाही. रोज सकाळी बस सुटण्याआधी ती पुढे उभी राहून ओरडायची, "औषधं वर!" बत्तीसच्या बत्तीस हात वर झाल्याशिवाय ड्रायव्हरनं गाडी हलवायची नाही.

लोक कुरकुरायचे. "सहलीला आलोय की शाळेत?"

"शाळेत पोरं ऐकतात तरी," ती फटकारायची.

या खेपेला तिचा थोरला भाऊ पहिल्यांदाच तिच्या बसमध्ये होता. दादाला दमा. निघताना वहिनीनं फोनवर बजावलं होतं, "यांचा पंप मी हातातल्या पिशवीतच ठेवलाय. पण वन्सं, तुम्ही लक्ष ठेवा हं. यांचा काही भरवसा नाही."

तिसऱ्या दिवशी सकाळी हात वर झाले. दादाच्याही हातात काहीतरी काळं होतं. तिनं हात मोजले, ड्रायव्हरला खूण केली आणि बस निघाली.

घाटात रस्त्याचं काम चालू होतं. धूळ उसळून आत आली, भराभर खिडक्या लागल्या, पण दादाला ठसका लागला तो थांबेचना. छाती भात्यासारखी हलायला लागली. ती धावत त्याच्या सीटपाशी आली.

"पंप कुठाय?"

दादाला बोलवेना. त्यानं बोट खाली केलं. डिकी!

बस बाजूला घेतली. सगळ्यात आधी येऊन बसायची दादाची खोड, म्हणून त्याची बॅग सगळ्यांच्या तळाशी. ड्रायव्हर आणि ती बॅगा ओढून रस्त्यावर फेकत होते. कुणीतरी म्हणालं, "अहो, जरा जपून!" तिनं असं पाहिलं की तो माणूस गुपचूप येऊन बॅगा ओढायला लागला. शेवटी पंप सापडला, मोज्यात कोंबलेला. तोवर दादाचे ओठ निळे पडले होते.

दोन फवारे गेले. बऱ्याच वेळानं श्वास थाऱ्यावर आला, आणि तेव्हा तिचा राग फुटला.

"सकाळी हात वर केलास ना? काय होतं हातात?"

दादानं खिशातून चष्म्याची डबी काढली. "चारचौघांत पंप कशाला दाखवायचा? लोक रोगी म्हणून बघतात. म्हणून पिशवीतून काढून बॅगेत टाकला. सगळ्यांनी हात वर केला, मीही केला."

"मेला असतास ना रे! वहिनीला काय तोंड दाखवलं असतं मी?"

मागच्या सीटवरचे आजोबा समजूत घालायला पुढे आले. "जाऊ द्या ताई. आम्हीही हाताला लागेल तेच वर करतो. आज मी कंगवा केला होता."

कुणीतरी फिस्सकन हसलं. दोघांनी माना खाली घातल्या. एका बाईंनी सकाळी वर धरलेलं पावडर-टिकल्यांचं पाऊच पदराआड सरकवलं.

तिच्या पायाखालची जमीनच सरकली. बारा वर्षं काही विपरीत घडलं नाही, म्हणून ती दर सहलीनंतर मालकासमोर ताठ मानेनं उभी राहायची. ती सगळी नशिबाची कृपा! ती नुसती ओरडत राहिली, हात मोजत राहिली. कुणाच्या हातात काय आहे हे तिनं एकदाही पाहिलं नव्हतं. सगळ्यांचा राग आला, पण स्वतःचा आला तसा कुणाचाच नाही.

ड्रायव्हर बॅगा पुन्हा डिकीत भरायला लागला. "ताई, निघू या ना? जेवायला उशीर होईल."

"होऊ दे. एकही बॅग आत जाणार नाही."

तिनं दादापासूनच सुरुवात केली. त्यानं घाईघाईनं पंप वर धरला.

"हात खाली घे, दादा," ती म्हणाली. "पिशवी उघड."