चौथ्या यंत्रावरचे एक्केचाळीस सेकंद

रविवार, ९ मार्च २००३. त्या दिवशी झालेल्या फुटबॉल सामन्याची चौथ्या यंत्रावरची टेप आमच्या संग्रहात आहे आणि साधा अर्ज भरून ती कोणालाही पाहता येते. टेपवर चित्राबरोबर घड्याळाची वेळही नोंदली जाते. चार वाजून एकवीस मिनिटे आणि आठ सेकंद इथवर चित्र सलग आहे. त्याच्या लगतचे चित्र एकोणपन्नासाव्या सेकंदाचे आहे. मधले एक्केचाळीस सेकंद नाहीत. या लेखातले एवढे विधान वाचकाने स्वतः तपासून घ्यावे. पुढचे बरेचसे मला माणसांनी सांगितलेले आहे, आणि जिथे दोघांचे सांगणे जुळले नाही तिथे मी तसे नोंदवले आहे.

त्या यंत्रावर बसणाऱ्या गृहस्थांना सगळे सावकाश म्हणत. खेळातला एखादा क्षण पुन्हा, संथ गतीने दाखवायचा, म्हणजे रिप्ले द्यायचा, हे त्यांचे काम. नाव कसे पडले याच्या दोन कथा आहेत. कचेरीतली कथा अशी की, पहिल्याच आठवड्यात एका दिग्दर्शकाने रिप्लेसाठी आरडाओरडा केला, तेव्हा हे शांतपणे म्हणाले, "संथच दाखवायचंय ना, मग घाई कसली?" त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, ही कथा मान्य नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे नाव घरचेच आहे: हे जेवायला बसले की मुलीचे दोन धडे वाचून व्हायचे आणि यांची पहिली पोळी ताटातच असायची. मला दोन्हींपैकी कशाचाच पुरावा मिळाला नाही.

मैदानाबाहेर उभ्या राहणाऱ्या प्रक्षेपणाच्या व्हॅनला खिडकी नसते. आत पडद्यांची भिंत, तिच्यासमोर दिग्दर्शक, आणि मागच्या ओळीत यंत्रांवर बसलेली माणसे. गारवा यंत्रांसाठी असतो, माणसांनी तो सोसायचा. म्हणून सावकाश भर उन्हाळ्यातही लोकरीची तपकिरी टोपी घालून बसत. मध्यंतरात खिशातल्या चाकूने सफरचंद कापून फोडी पुढे पाठवत. स्वतःला उरली तर शेवटची. आपल्या यंत्राला ते जावईबापू म्हणत. नव्या माणसाला सांगत की याचा मान ठेवायचा, लाड करायचे, फक्त भरवसा ठेवायचा नाही. व्हॅनमध्ये आवाज चढलेला असताना ते कोणावर ओरडल्याचे एकालाही आठवत नाही. त्यांच्याविषयी बोलताना माणसे आधी हसतात आणि मग गप्प होतात, हे मी प्रत्येक मुलाखतीत पाहिले.

त्या काळच्या यंत्राची एक मर्यादा इथे सांगणे भाग आहे. ते एका वेळी एकच काम करी. टेप पुढे चालली असेल तर समोरचे टिपून घेई. रिप्लेसाठी मागे नेली की टिपणे थांबे. तेवढ्या वेळात मैदानावर जे घडेल ते त्या यंत्रापुरते घडलेच नाही. म्हणून चेंडू लांब असतानाच मागे जायचे आणि तो परत यायच्या आत पुढे यायचे, ही या कामातली खरी अक्कल होती. सावकाशांकडे ती भरपूर होती, असे दिग्दर्शक ताई म्हणतात. ताईंनी त्यांच्यासोबत सोळा वर्षे काम केले.

त्यांची दुसरी एक रीत ताईंनीच मला सांगितली. बऱ्याच वर्षांपूर्वी एका सायकल शर्यतीत उतारावरचा स्वार कठड्यावर आदळला. सावकाशांनी रिप्ले दिला. पुन्हा मागितला, पुन्हा दिला. स्वार जगला, पण पुन्हा चालला नाही, आणि त्याची आई घरी टीव्हीसमोर बसलेली होती हे नंतर छापून आले. "मी त्याला अकरा वेळा पाडलं," असे सावकाश म्हणत. प्रसारणाच्या प्रतीत मला तो रिप्ले नऊ वेळा सापडला. उरलेले दोन बातम्यांत गेले असावेत.

तेव्हापासून खेळाडू जखमी होऊन पडला आणि दिग्दर्शकाने विचारले, "आहे का?" की सावकाश सांगत, "नाही." चित्र टेपवर असायचेच. पडलेला माणूस उठून बसला की मग म्हणत, "आता आहे."

"पहिल्यांदा मला वाटलं यंत्र बिघडलंय," ताई म्हणाल्या. "दुसऱ्यांदा वाटलं माणूस बिघडलाय. तिसऱ्यांदा मी दुसरा कॅमेरा घेतला आणि पुढे गेले."

ही गोष्ट कुठे लिहिलेली नव्हती. व्हॅनमधल्या प्रत्येकाला ठाऊक होती आणि कोणी ती वरच्या मजल्यावरच्या साहेबांपुढे काढली नव्हती.

आता तो रविवार. चौथा कॅमेरा डाव्या गोलच्या मागे होता आणि त्याला जोडलेले यंत्र सावकाशांकडे. डाव्या गोलवर एकोणीस वर्षांचा मुलगा होता. चार वाजून वीस मिनिटांनी त्याने एक चेंडू उजव्या हाताच्या नुसत्या बोटांनी खांबाबाहेर ढकलला. ताईंनी तो समोरच्या कॅमेऱ्यातून पुन्हा दाखवला. सावकाशांनी नंतरच्या चौकशीत सांगितले ते असे: मागून दिसलेला तो क्षण त्यांना अधिक चांगला वाटला, कोणी न सांगता त्यांनी टेप मागे नेली, तो शोधला आणि पाहत राहिले. चेंडू तेव्हा पलीकडच्या अर्ध्यात होता. तिकडून एक लांब फटका आला, एक खेळाडू धावत आत घुसला, गोलरक्षक त्याच्या पायाशी झेपावला आणि दोघे डाव्या खांबापाशी कोसळले. धावणारा उठला.

ताईंनी विचारले, "चार, आहे का?"

सावकाश म्हणाले, "नाही."

ताईंनी दुसऱ्यांदा विचारले नाही. त्यांनी प्रेक्षकांचे चित्र घेतले. मुलगा तिसऱ्या दिवशी रुग्णालयात वारला.

त्याचे वडील कुलपे दुरुस्त करीत. मुलाला स्ट्रेचरवर ठेवताना डाव्या खांबाच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या उंचीवर, जाळी अडकवायचा एक उघड्या तोंडाचा लोखंडी आकडा त्यांनी पाहिला होता, असे त्यांनी लेखी दिले आहे. पाचव्या दिवशी ते पुन्हा मैदानावर गेले तेव्हा आकडा नव्हता. खांबावर ताजा रंग होता आणि रंगाखाली कानशीच्या खुणा. कानशीची खूण ओळखण्यात त्यांची चूक होण्याचा संभव कमी. पण ती पाहणारे ते एकटेच, हेही खरे.

स्पर्धेच्या आयोजकांनी चौकशी नेमली. इतर तीन कॅमेऱ्यांत मुलाच्या डोक्याजवळ धावणाऱ्याचा गुडघा दिसतो, खांबाची आतली बाजू दिसत नाही. ती दिसू शकली असती फक्त चौथ्यात. चौथ्या कॅमेऱ्यामागच्या माणसाने सांगितले की, आपल्याला दोन पाठी दिसल्या आणि मग मुलगा खाली. सावकाशांनी आपली चूक जशीच्या तशी सांगितली: यंत्र मागे होते, चित्र टिपलेच गेले नाही. मग ताईंना विचारण्यात आले की, हे गृहस्थ चित्र असतानाही नाही म्हणतात का.

"मी हो म्हणाले," ताईंनी मला सांगितले. "माझ्याच्याने खोटं बोलवलं नाही. मी खरं बोलले आणि सावकाश खोटे ठरले."

निष्कर्ष गुडघ्याचा निघाला. आकड्याबद्दल "पुरावा नाही" एवढेच. सावकाशांविषयी एक ओळ: चौथ्या यंत्राच्या नोंदीतील खंड संशयास्पद. त्यांनी मुलाची दया येऊन चित्र पुसले, असे काहींचे म्हणणे. आयोजकांच्या सांगण्यावरून पुसले, असे काहींचे. त्यांना तळघरातल्या टेप-संग्रहात पाठवण्यात आले. व्हॅनमध्ये ते पुन्हा कधी चढले नाहीत.

मी संग्रहात दाखल होण्याआधी त्यांनी तिथे दहा वर्षे काढली होती. त्यांच्याच शेजारच्या टेबलावर मला हे काम शिकायला मिळाले. जुन्या टेपा पाहायच्या आणि त्यांत काय आहे ते लिहायचे. माझ्या पहिल्या नोंदीत 'खेळाडू निराश होऊन बसला' असे वाक्य होते. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि विचारले, "निराश कुठं दिसला तुला? खाली बसला, एवढंच दिसतंय. लेस बांधत असेल बिचारा. दिसतं ते लिही, वाटतं ते घरी जाऊन सांग." त्यानंतरची माझी एकही नोंद त्या वाक्याची आठवण न होता लिहिली गेलेली नाही.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मुलाचे वडील येत. दारावरच्या पहारेकऱ्याने त्यांना अडवणे कधीच सोडून दिले होते. सावकाश त्यांना खुर्ची देत, चहा मागवत. बोलणे फार नसे. प्रश्न एकच, आणि उत्तरही. एका सोमवारचे मी ऐकलेले ते असे.

"आहे का, दादा?"

"नाही हो."

"तुम्ही असतानाही नाही म्हणता, असं लिहिलंय चौकशीच्या कागदात."

"लिहिलंय खरं."

मग दोघे चहा प्यायचे. तेरा वर्षांत त्या गृहस्थांनी आवाज चढवल्याचे किंवा सावकाशांनी त्यांना टाळल्याचे कोणी पाहिले नाही. काकू सांगतात की पहिल्या सोमवारच्या आदल्या दिवशी ते घरात कोणाशी बोलत नसत. मुलीने एकदा चिडून म्हटले होते की, एक दिवस रजा घ्या बाबा, तो माणूस काही तुम्हाला शिक्षा द्यायला बसलेला नाही. त्यावर ते म्हणाले, शिक्षा दिली असती तर बरं होतं, तो नुसता विचारतो.

निवृत्तीला तीन महिने उरले असताना त्यांनी ती टेप माझ्यापुढे ठेवली. मला वगळून बघ, म्हणाले. म्हणजे त्यांची हकीकत, त्यांचा स्वभाव, आमचा स्नेह बाजूला ठेवून. पुसलेले नाही, एवढे कोणीतरी तिसऱ्याने लिहून द्यावे, म्हणजे तो कागद त्या वडिलांच्या हाती देता येईल, एवढीच त्यांची इच्छा होती. त्या माणसाने आपल्यावर विश्वास ठेवावा, याखेरीज त्यांना नोकरीतून काही न्यायचे नव्हते.

तपासाला नऊ दिवस लागले. यंत्र मागे असल्यामुळे टिपणे राहून गेले, तर टेपवर वेळेची अशीच उडी दिसते. टिपलेले मागे जाऊन त्याच्यावर नवे टिपले, तरी अगदी अशीच दिसते. एकोणपन्नासाव्या सेकंदाच्या आत हे उरकणे त्यांच्यासारख्या हाताला अवघड नव्हते. त्या दिवशीच्या त्यांच्या हस्ताक्षरातल्या तक्त्यावर '४:२०, उजवा हात, बोटं' अशी नोंद आहे. ती त्यांच्या हकीकतीला दुजोरा देते. पण ती त्याच मिनिटाला लिहिली की सामना संपल्यावर, हे शाईवरून सांगता येत नाही. माझ्या अहवालात मी दोन्ही शक्यता लिहिल्या आणि कोणतीही एक निवडण्यास पुरावा अपुरा आहे असे म्हटले.

त्यांनी तो कागद दोनदा वाचला.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "मीही असंच लिहिलं असतं." मग टोपी नीट करत म्हणाले, "माझा एवढा एक शब्द तरी विसरायचास की रे बाळा."

पहिल्या सोमवारी त्यांनी कागद स्वतःच वडिलांपुढे ठेवला. त्या गृहस्थांनी बोट फिरवत, ओळ न् ओळ वाचली.

"म्हणजे असेलही," ते म्हणाले.

"कागद तसंच म्हणतो."

"आणि तुम्ही?"

सावकाशांनी चहाचा कप बाजूला सरकवला. चौकशीपुढे जे सांगितले होते ते त्यांनी या माणसाला तेरा वर्षांत कधीच सांगितले नव्हते, हे मला तेव्हा कळले. त्याला ते फक्त नाही म्हणत आले होते.

"मी तुमच्या मुलालाच बघत होतो," ते म्हणाले. "तो पडला त्या वेळी. त्याच्या आधीचा चेंडू. बोटांनी काढलेला. इतका छान काढला होता की मी मागे जाऊन तोच बघत बसलो. समोर तो पडत होता आणि मी त्याचंच आधीचं बघत होतो. म्हणून नाहीये."

वडिलांनी विचारले, तो चेंडू तरी आहे का. सावकाशांनी टेप लावली. चार वाजून वीस मिनिटे. मुलगा उजवीकडे झेपावतो, बोटे चेंडूला लागतात, तो पडतो, आणि हातमोजे झटकत उठतो. वडिलांनी ते उभ्यानेच पाहिले. पुन्हा दाखवू का, असे सावकाशांनी विचारले. त्यांनी मान हलवली. ती हो म्हणून की नको म्हणून, हे मला स्पष्ट दिसले नाही. सावकाशांनी टेप थांबवली. कागद टेबलावरच राहिला. त्यानंतर ते गृहस्थ आले नाहीत.

पुढच्या दोन पहिल्या सोमवारी सावकाशांनी दोन चहा मागवले. मग ते निवृत्त झाले. गेल्या वर्षी नोव्हेंबरात फुप्फुसाच्या विकाराने गेले. अखेरच्या आजारात त्यांनी काकूंना तीनदा विचारले की कोणी भेटायला आले होते का. पुष्कळ लोक आले होते. काकूंनी नावे सांगितली की ते डोळे मिटून घेत.

वडिलांचे दुकान मी शोधून काढले. तिथे आता छापखाना आहे. कुलूपवाले लेकीकडे राहायला गेले, गाव कोणाला सांगता आले नाही. ते हयात आहेत की नाहीत, याची नोंद मला मिळालेली नाही.

मुलाचे डोके गुडघ्यावर आदळले की आकड्यावर, हे माहीत नाही. आकडा होता असे धरले, तर तो कोणी काढला हे माहीत नाही. सावकाशांनी काही पुसले नव्हते असे माझे मत आहे. पण ते मतच आहे, आणि आज अहवाल पुन्हा लिहायचा झाला तरी त्यातला एकही शब्द मला बदलता येणार नाही. त्या शेवटच्या सोमवारी वडिलांना सावकाशांचे म्हणणे पटले म्हणून ते यायचे थांबले, की ऐकवले नाही म्हणून, हे त्यांनी कोणाला सांगितल्याचे आढळत नाही. सावकाशांनाही ते कळले नाही.