गेमसिंग काकांनी मोजलेला तांडा

गेमसिंग काका गेल्याचा फोन आला, तेव्हा मी नेरच्या बसस्टँडसमोर त्यांच्याच तांड्याच्या फाईलची झेरॉक्स काढत उभा होतो. कागद अजून गरम होते... आठ दिवसांपूर्वीच त्यांनी खाटेवरून दम दिला होता, "मास्तर, या खेपेस फाईल वापस आली, तर मेल्यावरही तुमच्या शाळेत येऊन बसीन." काका बोलले की करत. म्हणून हल्ली मी वर्गातला शेवटचा बाक रिकामाच ठेवतो.

आमचं गाव आणि काकांचा बंजारा तांडा यांच्यामध्ये एक नाला आहे. सरकारी नकाशात तांडा गावालाच चिकटलेला, नावसुद्धा नाही. नाल्याला पूर आला की टेकडीला वळसा घालून पूल गाठायचा, नाहीतर रेशनही नाही आणि शाळाही नाही. तांड्याला स्वतंत्र महसुली गाव म्हणून मान्यता मिळावी, हा काकांचा ध्यास. पाहणीला आलेले साहेब नकाशा पाहून म्हणाले, "अंतर तर काहीच नाही!" काकांनी मोठ्या अदबीनं बैलाच्या कासऱ्याचं एक टोक त्यांच्या हाती दिलं. "धरा साहेब. नकाशात हाय तसे सरळ चाला, मी मोजतो." साहेब गुडघाभर चिखलात उतरले, आणि एक बूट नाल्याला अर्पण करून टेकडीच्या वाटेनं परतले. अंतराचा मुद्दा तिथंच मिटला. राहिली लोकसंख्येची अट.

माणसं मोजताना मात्र काकांनीच घोळ घातला. घरोघर फिरून यादी केली, ती नेमकी तिजेच्या सणाच्या दिवसांत. टोपल्यांत गहू उगवलेले, सासरी गेलेल्या लेकी माहेरी आलेल्या, तांडा नुसता गजबजलेला. काकांनी आधी स्वतःच्या तिन्ही लेकी लिहिल्या, मग तांड्यातल्या सगळ्या, लेकराबाळांसकट!

"काका, या सासरी मोजल्या जातात."

"काहून? इथं जेवून राह्यल्या, इथं नाचून राह्यल्या, अन् मोजाच्या तिकडं?"

फाईल परत आली. वर शेरा होता, 'माहिती खोटी'. खोटी हा शब्द काकांना फार लागला. तिसऱ्या दिवशी पहिल्या घरापासून पुन्हा सुरुवात. कामाला परगावी गेलेले परत येईपर्यंत थांबायचं, दारात उभं राहायचं, माणूस डोळ्यांनी पाहायचा, मगच नाव लिहायचं. यादी पूर्ण झाली आणि काकांनी खाट धरली.

ते गेल्यावर दोन-तीन आठवड्यांनी तलाठी पडताळणीला येणार असं कळलं. तांड्याचे नायक, म्हणजे तिथले प्रमुख, मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, काकाचं नाव राहू द्या यादीत. मोजणी होईलोक जित्ताच हाय थो." खरं सांगतो, मलाही मोह झाला. या माणसाशिवाय कसला तांडा?

काकू मागंच उभ्या होत्या. "त्याच्यापायी एकदा फाईल वापस आली. आता मेल्यावर पुन्हा आणता काय? खोडा नाव."

मी खोडलं. एक रेघ मारायला इतका वेळ लागतो, हे मला माहीत नव्हतं...

तलाठ्यांनी पहिलं घर काकूंचंच घेतलं. "घरात किती माणसं?"

"एक."

पेन चाललं. काकूंनी पदर डोळ्यांना लावला नाही, कमरेला खोचला आणि आमच्या पुढं झाल्या.

"चला साहेब, पुढच्या घरी जाऊ. दारात उभे राहा, माणूस डोयानं पाहा, मंग लिहा. आमच्या तांड्यात तशीच मोजतेत."