अक्कांचा हवाबंद कलश

माणसाला नीटनेटकं मरता यावं, एवढीच माझी माफक अपेक्षा होती.

बाळांनो, तुमच्याकडे परदेशात आले होते तेव्हा तुमच्या शेजारणीचे दिवंगत यजमान दिवाणखान्यात, लाकडी कलशात, फुलदाणीशेजारी शांत बसलेले पाहिले. (तुमचे आजोबा जिवंतपणीसुद्धा इतके शांत बसत नाहीत.) आमच्याकडे काय? मातीचं मडकं, वर फडकं! मी तिथेच ठरवलं, माझा कलश मी स्वतः करणार. बारामतीला परतल्यावर मोडक्या कपाटाचं सागवान काढलं, करवत आणली आणि दोन बोटं कापून घेत (थोडीशीच!) कलश केला. तसा तो चौकोनी होता. पण कुणी डबा म्हटलं की मला राग यायचा.

सगळ्यांत जास्त हसल्या अक्का. आजोबांच्या थोरल्या भगिनी. चार दिवस माहेरपणाला आल्या आणि माझ्या डोक्याचे केस पिकले तरी गेल्या नव्हत्या!

"आगं, त्यात लोणचं तरी घाल! मला न्हाय बाई असल्यात कोंडून घ्यायचं. मी आपली संगमावर मोकळी व्हणार."

पुढे अक्का गेल्या. माझ्याआधी. घरात प्रत्येक गोष्टीत पहिला मान त्यांचाच, कलशातसुद्धा! झालं असं की, अस्थींसाठी आणलेल्या मडक्याला नेमकी चीर निघाली. माझा कलश पुढे करायला याहून चांगली संधी कुठली? रस्त्यातले खड्डे लक्षात घेऊन मी झाकणाला पाण्यातही न सुटणारा गोंद लावला. नियोजन म्हणतात ते हे!

नरसिंहपूरच्या संगमावर गुरुजींनी मंत्र म्हटले. "आता झाकण काढा."

आजोबांनी जोर लावला. निघेना. वरकुट्याहून आलेल्या धाकट्या दिरांनी, तात्यांनी, जोर लावला. मग दोघांनी दोन बाजूंनी.

"वैनी, ह्याला काय लावलंय?"

"गोंद. सांडू नये म्हणून."

"किती?"

"पुरेसा."

"आन काढायचं कसं?"

(इतका मूलभूत प्रश्न मला सुचलाच नव्हता.)

सूर्य कलायला लागला. गुरुजी म्हणाले, "तसाच सोडा." सोडला. सागवान, वर वॉर्निशचे तीन हात, बुडतोय कशाला! डौलात गेला, गिरकी घेतली आणि पुन्हा पायरीला येऊन टेकला. परत ढकलला. परत हजर!

"अक्काच हाय," तात्या म्हणाले. "निरोप दिला की म्हागारी येती."

"दगड बांधून बुडवू," आजोबांनी तोडगा काढला.

"न्हाय दादा!" तात्यांचा आवाज चढला. "थंडीतबी तिनं कधी खोलीचं दार लावलं न्हाय. मोकळी व्हणार म्हनली हुती ती. तिला डब्यात कोंडून बुडवायची?"

डबा. पण त्या वेळी मी दुरुस्ती सुचवली नाही.

तात्यांनी जीपमधून ऊस तोडायचा कोयता आणला आणि पाण्यात उतरले. पहिल्या घावाला कोयताच उडाला.

"काम मातुर पक्कं हाय, वैनी!" (माझ्या हस्तकलेची झालेली पहिलीच स्तुती.)

आणखी दोन घाव, आणि अक्का मोकळ्या झाल्या. या वेळी परत आल्या नाहीत. तात्या लहान मुलासारखे रडले. आजोबांनी तोंड फिरवलं. माझाही चष्मा धुरकटला, खोटं कशाला सांगू?

गुरुजींनी तरंगणारं झाकण उचललं. "बाईंचं नाव किती सुबक कोरलंय! सुमतीबाई."

"सुमती मी आहे!"

गुरुजींचा चेहरा पडला. "अहो, मंडळी कलश माझ्यापाशी ठेवून जीप लावायला गेली होती, म्हणून मी नाव झाकणावरूनच घेतलं... मघाशी सद्गती मागितली ती तुमच्यासाठी."

"मग परत घ्या!"

"आजी, मागितलेली सद्गती परत घेता येत नाही."

अक्कांसाठी त्यांनी सगळं पहिल्यापासून म्हटलं. माझं मात्र तसंच राहिलं.

परतताना मी तात्यांना जीप हळू चालवायला सांगितलं, मग आजोबांना काच लावायला, मग पाय पुसायला. आजोबा म्हणाले, "सद्गती मिळालेला आत्मा शांत होतो म्हणतात. गुरुजींना जरा फोन करून विचार, तुझी पोचली का."