पेटी माझी, कुलूप चाचांचं

साल दोन हजार तेवीस. मला सत्तरावं लागलं होतं, आणि तेवढ्या आयुष्यात कुलूपवाल्या चाचांइतका उलट्या खोपडीचा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आरशातला सोडून. मी चौथीपर्यंत शिकलो, तेही गुरुजी कंटाळले म्हणून. तेव्हा लिहिण्यात कमीजास्त झालं तर वाचणाऱ्यानं सांभाळून घ्यावं. पण चाचांबद्दल जे लिहितो त्यात कमीजास्त काही नाही. शहागंजच्या मागं आमच्या गल्लीत माझं पत्र्याच्या पेट्यांचं दुकान आणि भिंतीला भिंत लावून त्यांचं कुलपांचं. नवरीची पेटी, होस्टेलला निघालेल्या पोराची पेटी, फौजेत भरती झालेल्याची पेटी, सगळ्या माझ्या हातच्या. आणि पेटी घेतली की गिऱ्हाईक आपसूक शेजारी सरकून चाचांपुढं उभं राहायचं. मी कधी कुलूप विकायला ठेवलं नाही, त्यांनी कधी पेटी ठेवली नाही. असा करार कुणी बसून केला नव्हता. आमच्या बापांपासून तो तसाच चालत आला होता.

कुणी कुलूप दुरुस्तीला आणलं की चाचा आधी ते कानाशी धरून हलवायचे, मग त्या माणसाकडं असं बघायचे की त्यानं आजारी लेकरू उशिरा दवाखान्यात आणलंय. "कुणी विकलं हे तुला? त्याला लेकरंबाळं हायत का? असतील तर त्यांच्यासाठी दुआ कर." गिऱ्हाईक ओशाळून जायचं आणि मुकाट्यानं नवं कुलूप घ्यायचं. चावीचा ठसा साबणावर घेऊन कुणी आला तर त्याची बिलकुल खैर नव्हती. चाचा साबण ठेवून घ्यायचे, त्याच्यासमोरच बादलीत हात धुवायचे आणि म्हणायचे, "साबन अच्छा है. चावी नक्को. घरमालकाला घेऊन ये." त्यांच्या दुकानात साबण कधी विकत आणावा लागला नाही. म्हातारी बाई कुलूप लागून घराबाहेर अडकली, तर मात्र हातातलं काम टाकून तिच्या मागं निघायचे आणि कुलूप उघडून झालं की तिचे पैसे घेण्यावरून तिच्याशीच भांडून यायचे.

या माणसाचं जगात एकाच गोष्टीशी वैर होतं, ते म्हणजे दुकानाची पट्टी, महापालिकेचा कर. नळाला पाणी येईल तेव्हा येईल, पट्टीचा कागद मात्र न चुकता यायचा, आणि घरापेक्षा दुकानाला दर जास्त. चाचांच्या दुकानात पोटमाळ्यावर जायला एक मोडका लाकडी जिना होता. छपराखालचं सगळं मोजायचं या नियमानं तो जिनाही दुकानात धरला गेला, आणि तिथंच चाचांचं डोकं फिरलं. "जिन्यावर मी कुलपं विकतो का? आं? पायरी पायरीवर गिऱ्हाईक बसवतो का?" मोजणीतून जिना निघेपर्यंत छदाम देणार नाही, असं त्यांनी ठरवलं. नियम कुणाच्या बाजूचा होता ते मला कळत नाही; व्याज आणि शास्ती कुणाच्या बाजूची नव्हती एवढं कळतं. इकडं लोक मोबाइलवरून दारं उघडायला लागले होते, चाचांचा धंदा निम्म्यावर आला होता, आणि तो कागद दरवर्षी जाड होत चालला होता.

मग त्यांच्या डोक्यात आलं की दुकानच घर असल्याचं दाखवावं. एक दिवस खाट आली, रॉकेलचा स्टो आला, दोरीवर लुंगी आली. पालिकेचे मोजणारे आले तेव्हा चाचा भर दुपारी चादर ओढून खाटेवर घोरत होते. "घर आहे हो हे," मी बाहेरून साक्ष दिली. तेवढ्यात एक पोरगी आली आणि म्हणाली, "चाचा, कपाटाची चावी मोडली." आता माणसानं गप पडून राहावं की नाही? चादरीखालून हात बाहेर आला. "दाखव," चादर म्हणाली. मोजणारे हसून हसून भिंतीला टेकले आणि कागदावर 'दुकान' लिहून गेले. मी चार दिवस चाचांना चादरीवरून छळलं. ते म्हणाले, "तिचं कपाट बंद, तिकडं कॉलेजची फी आत. मी काय झोपून राहू?"

थकबाकीवाल्यांच्या दारात ढोल वाजवायची रीत आली, तेव्हा त्यांच्याही दारात ढोल आला. दुसरा कुणी शरमेनं मागल्या दारानं पळाला असता. चाचांनी ढोलवाल्यांना चहा सांगितला, स्टूल टाकून समोर बसले, एकाचा ठेका सुधारला आणि म्हणाले, "नातीचं लग्न ठरतंय. दोन घंट्याला काय घेता?" सगळी गल्ली हसली. पण रात्री शटर ओढताना त्यांचा हात कडीवरच थांबला. "अब्बांच्या नावाची पाटी आहे रे वर," एवढंच बोलले.

त्या हिवाळ्यात दुकान सील करायला माणसं आली. त्यांच्या हातातलं कुलूप चाचांनी पाहिलं आणि पट्टी राहिली बाजूला, कुलपावरून तापले. "हे? माझ्या दुकानाला? बाजार काय म्हणेल?" आत गेले आणि सात लिव्हरचं पितळी कुलूप घेऊन आले, दुकानातलं सगळ्यात भारी. त्यांच्यातला साहेब गोंधळला. "चाचा, ह्याचे पैसे?" "लावा पहिलं. पैसे घेतले तर म्हणाल सीलच्या दिवशी पण धंदा केला." दोन्ही चाव्या त्यांनी साहेबाच्या तळहातावर ठेवल्या. साहेबालाच कसंतरी झालं असावं. चावी पकडायचा शिकंजा, कानशी आणि कोऱ्या चाव्यांचा डबा त्यानं बाहेर काढू दिला.

ते कुलूप चाचा एका तारेनं उघडू शकले असते. मी तसं बोललोही. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की पुन्हा बोललो नाही. गल्लीनं वर्गणीची गोष्ट काढली, तर म्हणाले, "मी मेल्यावर काढा." तेव्हा मी काही न विचारता माझ्या ओट्यावर एक मोठी पेटी पालथी घातली आणि म्हणालो, "बसा. उभ्यानं कानस चालवाल तर कंबर जाईल, आणि मग दवाखान्यात मलाच यावं लागेल."

ते दिवस माझ्या धंद्यातले सगळ्यात चांगले, असं मी आज म्हणतो. तेव्हा आम्ही दिवसभर भांडतच होतो. माझ्या हातोड्याच्या आवाजानं त्यांच्या चावीचा दात चुकतो, त्यांच्या कानशीच्या करकरीनं माझे दात शिवशिवतात, चहा कुणी सांगायचा, ऊन कुणाच्या वाट्याला. गिऱ्हाईकाला आता सरकावंही लागत नव्हतं. पेटी इकडं, कुलूप तिकडं, एकाच ओट्यावर. दुपारी ते नमाजला गेले की चाव्या मी द्यायचो, मी जेवायला बसलो की पेट्यांचा भाव ते करायचे, आणि माझ्यापेक्षा जास्तच घ्यायचे.

उन्हाळा लागता लागता फिता घेऊन मोजणारे पुन्हा आले. या खेपेला माझ्याकडं. त्यातला एक भला माणूस होता, हळूच बोलला, "बाबा, ओट्यावर धंदा चालू दिसतोय. दुसऱ्या खेपेला असाच दिसला तर ओटा पण धरावा लागेल. पट्टी वाढेल तुमची."

चाचांची कानस थांबली.

"वाढू दे," मी मोठ्यानं म्हणालो. "माझा ओटा, माझी पट्टी. कुणाला काय करायचंय?"

संध्याकाळी चाचा शिकंजा पोत्यात बांधायला लागले. "लेक बोलावतेय वैजापूरला. मोंढ्यात बसेन. कांद्याच्या गोदामांना कुलपं लागतातच."

"लेक सहा वर्षं बोलावतेय. आजच ऐकू आलं व्हय?"

"भाऊ, माझा जिना मोठा झाला तो झाला. तुझा ओटा नक्को मोठा व्हायला."

"तुम्ही कोण सांगणारे?"

"शेजारी," ते म्हणाले.

जाताना ते आपल्या बंद दुकानापुढं उभे राहिले, खिशातून तेलाची बारकी कुपी काढली आणि त्या पितळी कुलपात दोन थेंब सोडले. "ज्यांनी लावलं त्यांना उघडताना त्रास नको," म्हणाले, आणि पोतं खांद्यावर टाकून बसस्टँडकडं निघाले. मी वळून बघणार नव्हतो. बघितलं.

ती पालथी पेटी अजून तिथंच आहे. तिच्यावर मी कुणाला बसू देत नाही, मांजरालाही नाही. पेटी घेतल्यावर गिऱ्हाईक विचारतं, "आणि कुलूप?" परवा एक व्यापारी म्हणाला, बाबा, तुम्हीच का ठेवत नाही कुलपं, दोन पैसे सुटतील. त्याला मी चहासुद्धा विचारला नाही. गिऱ्हाईकाला सांगतो, चाचा नमाजला गेलेत, येतील. कुणी थांबतं, कुणी जातं. पितळी कुलपाला पावसाळ्यात तेल मी घालतो. कानशीची करकर नसली की हातोडा फार मोठा वाजतो, हे मला सत्तरीत कळलं.

चाचा गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी मी धुतलेला सदरा घातला, दुकान उघडलं नाही, आणि पट्टीच्या ऑफिसात जाऊन उभा राहिलो. जन्मभर एकेका इंचासाठी ज्यांच्याशी भांडलो, त्यांनाच म्हणालो, "माझा ओटा धरा. दुकान म्हणून धरा. दोन माणसांचं."