एक एकर वीस गुंठे

परभणीच्या एका कॉलेजात मी सिंचन शिकवत होतो, तेव्हा आमच्या विभागाला पहिला संगणक मिळाला. त्याची बडदास्त नव्या जावयासारखी होती. त्याच्या खोलीला पडदे, थंड हवा. आम्ही शिकवणारे बाहेर घाम पुसत बसायचो. सुट्टीत बेसिक ही संगणकाची भाषा शिकून मी एक प्रोग्रॅम लिहिला. शेताचं क्षेत्र आणि पीक सांगा, एका पाळीला किती पाणी लागेल ते यंत्र सांगेल. तो पोरांना इतका आवडला की आकडेमोड नावाची काही गोष्ट असते हे वर्ग आठवड्याभरात विसरला. मला त्याचाही अभिमानच वाटायचा.

उदाहरणाला खरं शेत हवं म्हणून मी वर्गात विचारलं. चारठाण्याच्या एका मुलीने घरच्या उसाचं क्षेत्र सांगितलं, एक एकर वीस गुंठे. गावाकडे कागदावर लिहितात तसं मी फळ्यावर १.२० लिहिलं. सगळ्यांनी तोच आकडा यंत्रात घातला आणि सगळ्यांचं उत्तर एकच आलं. मी धन्य झालो. त्या मुलीचं उत्तर तेवढं वेगळं होतं. तिचा नंबर आला की कधी लाईट जायची, कधी बंदमुळे कॉलेजच बंद असायचं, म्हणून तिने गणित हाताने केलं होतं. मी त्यावर लाल रेघ मारली आणि सही दिली नाही. सबमिशनवर सही नसली की परीक्षेला बसता येत नसे, आणि परीक्षा दहा दिवसांवर आली होती.

ती वही घेऊन आली. यंत्र कसं चुकत नाही यावर मी तिला छोटंसं व्याख्यान दिलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"सर, शेत आमचंच हाय," ती म्हणाली. "तुमच्या आकड्याएवढं पाणी सोडलं तर शेवटच्या सऱ्या कोरड्या राहतेत."

तिला खोटं पाडायलाच मी पेन्सिल घेतली. एकराचे गुंठे चाळीस, म्हणजे वीस गुंठे हा अर्धा एकर. शेत दीड एकराचं. यंत्राला गुंठे कुठून माहीत असणार? टिंबापुढचे वीस त्याने शंभरातले धरले, म्हणजे आठच गुंठे, आणि बारा गुंठे ऊस ढेकरही न देता गिळला.

दुसऱ्या दिवशी वर्गात विचारलं, एकराचे गुंठे किती? सगळी शेतकऱ्यांची पोरं. चाळीस, असं एका सुरात उत्तर आलं. ठाऊक सगळ्यांना होतं, शंका एकालाही आली नव्हती. पण त्यांना कुठल्या तोंडाने बोलणार? मी स्वतः तलाठ्याचा मुलगा, पाढ्यांच्या आधी गुंठे शिकलेला. फार लाज वाटली, अजूनही वाटते. तिला पुढे बोलावून तिच्या वहीवर सही केली आणि तरी चूक ती चूक, म्हणून बाकीच्यांच्या वह्यांवर रेघा मारायला लाल पेन उघडलं.

ती जागेवर गेली नाही.

"त्यांच्या मारू नका, सर," ती हळूच म्हणाली. "त्यांनी तुमचंच ऐकलं."